अण्णा दिवसभर नुसते बसून असतात, काय करावं?

पांझराकाठ (धुळे)

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितोच.

माझे वडील, अण्णा, ७६ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतरच्या दिवाळीत मी त्यांना गावाहून धुळ्याला आणलं. गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. शेत चुलतभावाला बटाईने दिलं, बैल विकले, घराला कुलूप लावलं. आम्ही देवपुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. बायको पतपेढीत, मी खासगी नोकरीत, मुलगी आठवीत. सकाळी साडेनऊला घर रिकामं होतं ते संध्याकाळी सहापर्यंत.

अण्णांना मोठा आजार असा नाही. बीपीची गोळी आहे, डावा गुडघा दुखतो, कानाने कमी ऐकू येतं. पण ते दिवसेंदिवस गप्प होत चाललेत. पहाटे पाचला उठतात, अंथरुणाची घडी घालतात, आंघोळ करतात आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसतात. आम्ही निघतो तेव्हाही तिथेच, परत येतो तेव्हाही तिथेच. ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट कधी कधी तसंच असतं. विचारलं तर "भूक नव्हती". मागच्या शनिवारी म्हटलं, अण्णा, चला बागेत जाऊन येऊ. तर अहिराणीत म्हणाले, "आते मन्हं काय काम शे तठे?" (आता माझं काय काम आहे तिथे?)

हे वाक्य डोक्यातून जात नाही. कारण या माणसाला मी कधी रिकामं बसलेलं पाहिलेलंच नाही. अण्णा आमच्या गावच्या फडाचे पाटकरी होते. फड माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दर वर्षी ते पुढच्या फडात फिरवायचं. पाणी कमी असलं तर कमी फड पिकवायचे. शेतकऱ्याने स्वतः बारं (पाटातून शेतात पाणी सोडायचं तोंड) फोडायचं नाही. पाणी द्यायचं पाटकऱ्याने, राखण करायची जागल्याने. पांझरेकाठी ही पद्धत काहीशे वर्षांची आहे. अण्णांनी तीसेक वर्षं ते काम केलं. रात्री दोनला कंदील घेऊन निघायचे. कोणाच्या वाफ्यात पाणी किती वर आलंय ते पावलाला लागणाऱ्या गारव्यावरून सांगायचे.

इथे आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही अवेळी. पाणी यायच्या आधी पाइप थरथरतो. अण्णा रात्री मोरीच्या भिंतीला तळहात लावून बघतात आणि मला हलवतात, "पानी उनं" (पाणी आलं). मी खाली जाऊन मोटर लावतो, ते परत आडवे होतात.

मी माझ्या परीने खूप केलं. योगाच्या वर्गाला नाव घातलं, मोबाइल घेऊन दिला. ज्येष्ठ नागरिक संघात दोनदा नेलं. मंडळी चांगली होती, पण सगळे निवृत्त साहेब आणि मास्तर. पेन्शनच्या आणि परदेशातल्या मुलांच्या गप्पा. अण्णा कोपऱ्यात पायांकडे बघत बसले. तिसऱ्यांदा आलेच नाहीत.

गावाला परत पाठवावं का? तिथे एकटे राहतील, आणि काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

सातपुडादर्शन

भाऊ, या वयात देवाधर्मात मन रमवणं हाच उपाय. घरी हरिपाठ लावून द्या, टीव्हीवर कीर्तनाचे चॅनेल आहेत. आमचे नाना त्यातच रमतात. आता त्यांनी आराम करायचे दिवस आहेत. फार विचार करू नका.

अमळनेरच्या बाई

दादा, तुमचं काल रात्री वाचलं आणि झोप लागली नाही, म्हणून सकाळी देवपूजेआधी लिहायला बसले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, वय ६७. माझ्या सासूबाई ८६व्या वर्षी गेल्या. त्यांच्या शेवटच्या नऊ वर्षांबद्दल लिहिते, कारण त्यातलं पहिलं वर्ष मी माझ्या हाताने वाया घालवलं.

सासरे गेले, पाठोपाठ सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. विळी उचलली, बोट कापेल म्हणून. शेगडीजवळ येऊ दिलं नाही, पदर पेटेल म्हणून. दाणे निवडायला बाई लावली. "आई, तुम्ही नुसतं बसा." सगळं मायेनेच. आणि त्या बसल्या. आठ महिन्यांत मोरीपर्यंत जायला हात धरावा लागायला लागला. मी नातेवाइकांना सांगायचे, आता वय झालं. वय काय आठ महिन्यांत एवढं होतं?

मग चैत्र आला. आमच्या गल्लीत बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, काम एकमेकींकडे आळीपाळीने चालतं. त्या वर्षी नव्या सुनांनी पुढाकार घेतला होता. ज्वारी दोन रात्री भिजली होती. शेजारच्या घरचं पातेलं आमच्या ओसरीवर होतं. खाटेवर पडल्या पडल्या सासूबाई म्हणाल्या, "आखो एक रात ऱ्हाऊ द्या." कोणी ऐकलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी बिबडे तडकले, अर्धे धोतराला चिकटून बसले. पाच किलो ज्वारी गेली.

दुसऱ्या घाण्याच्या वेळी शेजारची सून वाटीत भिजलेली ज्वारी घेऊन खाटेपाशी आली. "मावशी, हे बघा बरं." सासूबाई उठून बसल्या. एक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबला, फुटलेल्या दाण्याच्या पोटातला पांढरा कडक ठिपका डोळ्यांजवळ नेऊन बघितला, मग वाटीचा वास घेतला. "उद्या सकाळी," म्हणाल्या. सकाळी त्यांना गच्चीवर न्यायचं ठरलं. चौदा पायऱ्या. मी हात धरायला गेले तर त्यांनी कठडा धरला. घाटा शिजत होता त्याच्याजवळ खुर्ची टाकली. पळी उभी राहिली की उतरवा, मीठ आता, तीळ शेवटी, हात पाण्यात बुडवून थापा, असं त्या सांगत होत्या. अकरा दिवस त्या रोज चौदा पायऱ्या चढल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे मलाच उठवायला आल्या. "ऊठ व माय, ऊन चढी जाई."

त्या आधी मी त्यांना काम देत नव्हते असं नाही. "आई, जरा लसूण सोलून द्या," म्हणायचे. पण तो लसूण त्यांनी सोलला नाही तरी आमचं काही अडत नव्हतं, आणि ते त्यांना चांगलं कळत होतं. बिबड्यांचं त्यांच्यावाचून अडत होतं. पुढच्या वर्षी तीन गल्ल्यांतून बायका वाटी घेऊन यायला लागल्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलींना झोक्यावरची गाणी हवी असायची, मोबाइलवर सापडत नव्हती ती. श्रावणात कानबाई देवी बसवायची तर कोणाच्या घरचा रोट कसा, हे विचारायला लोक यायचे. रोज संध्याकाळी त्या मला विचारायच्या, उद्या कोण येणार आहे? आणि त्यासाठी सकाळी वेणी घालून तयार असायच्या. भजनी मंडळात मी त्यांना आधीच नेऊन बसवलं होतं, तिथे त्या झोपायच्या. तिथे त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं.

आता तुमचं. तुम्ही ओझरतं लिहून गेलात, पण मी तिथेच थांबले. तीस वर्षांच्या पाटकऱ्याला तुम्ही पाणी आल्याची वर्दी द्यायला ठेवलंय आणि पाणी सोडायचं काम स्वतः करताय. ते काम त्यांना द्या. आणि एकट्या तुमच्या घरापुरतं नको, इमारतीचं द्या. सगळ्यांना बोलावून रीतसर ठरवा, थोडं का होईना मानधन ठरवा, त्यांच्या देखत ठरवा. "अण्णा, तेवढंच बसल्या बसल्या" असं म्हणून देऊ नका. त्यांच्या हातात सोपवा आणि मधे पडू नका. चुकलं तर त्यांना निस्तरू द्या.

आणि हे सगळं वहिनींच्या अंगावर पडणार नाही ना, ते आधी त्यांच्याशी बोला. आमच्याकडे खाटेपासून गच्चीपर्यंतची धावपळ माझीच होती, आणि मला ती कोणी विचारून दिली नव्हती.

लालपरीवाला

मी ७३ वर्षांचा, एसटीत ड्रायव्हर होतो, त्यामुळे अण्णांच्या बाजूने बोलतो. बाईंचं बोलणं शंभर टक्के खरं. आम्हाला काय हवं ते तुम्ही सगळे ठरवता, आम्हाला कोणी विचारत नाही. माझ्या मुलाने मला नातू सांभाळायला दिला आणि सगळ्यांना सांगत सुटला, बाबांना गुंतवलं. नातवावर माझा जीव आहे. पण दुपारची झोप नाही, कुठे जाणं नाही, आणि त्याला काही लागलं तर माझ्यावर डोळे वटारणार. वर्षभराने स्पष्ट सांगितलं, दुपारी दोन ते पाच मी माझा. आता ठीक चाललंय.

गावाचं म्हणता, तर परत पाठवणं आणि कुलूप लावणं याच्या मधेही रस्ता आहे. महाराष्ट्रात ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट. अण्णांना आधार कार्ड खिशात ठेवायला सांगा आणि साक्रीच्या गाडीत बसवा, एकटे. तुम्ही कारने नेता तेव्हा घड्याळ बघत नेता आणि घड्याळ बघत आणता, मी पैज लावून सांगतो. कारमधून उतरलेला माणूस गावात पाहुणा असतो. एसटीतून उतरला की फाट्यावरच दोघं जण हाक मारतात. रात्री तिथे राहू द्या. कुलूप उघडलं, झाडझूड झाली की घरही बरं राहतं.

पैशांचंही बघा. बटाईचे पैसे कोणाच्या खात्यात येतात? माझी पेन्शन मी स्वतः बँकेत जाऊन काढतो. मुलगा म्हणतो मोबाइलवर होतं. होत असेल. मला जायचं असतं.

फिजिओ धुळे

बाईंच्या सल्ल्याला माझा पाठिंबा आहे, पण मी रोज पडलेले पेशंट बघते, म्हणून काम सोपवायच्या आधी चार गोष्टी करून घ्या.

पहिलं कान. वयामुळेच असेल असं धरून चालू नका. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कित्येकदा नुसता मळ घट्ट बसलेला असतो. ऐकू न आलं की माणूस गप्पांतून आपसूक बाहेर पडतो. संघात अण्णा पायांकडे बघत होते, त्यांना ऐकू येत होतं का? स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांच्यावर इलाज करता येतो अशा कारणांत कमी ऐकू येणं फार वरचं आहे.

दुसरं मन. जेवण कमी, बोलणं कमी, दिवसभर खुर्चीत बसून राहणं, आणि दोन वर्षांपूर्वी बायको गेलेली. हे नैराश्य (डिप्रेशन) असू शकतं आणि त्यावर औषध असतं. फॅमिली डॉक्टरांना नेमकं हेच सांगा, "वय झालं" वर थांबू नका. जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी असते. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवरही फोन करून विचारता येतं. अण्णा ७० च्या पुढचे आहेत, तर आयुष्मानचं वयवंदना कार्ड काढून ठेवा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात, उत्पन्नाची अट नाही.

तिसरं पाय. एवढे महिने खुर्चीत बसल्यावर मांडीचे स्नायू उतरलेले असणार. हात छातीशी घेऊन खुर्चीतून उभं राहायचं आणि हळू बसायचं, आठ-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल सांगते, पण त्याचबरोबर आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते, ते सगळे विसरतात. म्हातारपणी चालता येणं तोलावर ठरतं.

चौथं जिना. बीपीची गोळी चालू असताना झोपेतून ताडकन उठलं की चक्कर येते. आधी कॉटच्या कडेवर दोन मिनिटं बसायचं. जिन्यात रात्रभर दिवा हवा, पायात मागे पट्टा असलेली चप्पल. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि शक्यतो रात्री त्यांना खाली उतरायला लागू नये अशी काही सोय करा.

मिरचीगाव

मी नंदुरबार जिल्ह्यात अंगणवाडीत आहे. सगळं वाचलं, चांगलं वाटलं. पण आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. मिरचीच्या पथाऱ्यांवर सत्तरीच्या बाया दिवसभर देठ खुडतात, हाताची आग होते म्हणून रात्री तेल लावून बसतात. त्यांना कामात गुंतवायची गरज नाही, त्यांना थांबता यायला हवं. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये असतात. पण कोणाचं खातं बंद पडलेलं, कोणाचा हयातीचा दाखला राहिलेला, कोणाच्या आधारावर वयच चुकलेलं. इथले निवृत्त मास्तर आणि बँकवाले वाचत असतील तर त्यांना विनंती, आठवड्यातून एक सकाळ गावात बसा आणि हे कागद भरून द्या. तुमचीही कोणीतरी वाट बघेल.

अमळनेरच्या बाई

मिरचीगाव ताई, तुमचं मनाला लागलं. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटात आजच बोलते. हयातीच्या दाखल्यांपासून सुरू करू. काय काय कागद लागतात ते मला इथेच लिहून कळवा.

पांझराकाठ (धुळे)

सव्वा महिन्याने लिहितोय. उशीर झाला, पण करून मग लिहायचं ठरवलं होतं.

कान आधी दाखवले. दोन्ही कानांत मळ निघाला. डॉक्टरांनी काढल्यावर अण्णा बाहेर येऊन रस्त्यावर थांबले आणि म्हणाले, एवढ्या गाड्या आहेत का इथे? उजव्या कानाने तरी कमीच येतं, मशीनचं बघतोय. फॅमिली डॉक्टरांनी मनासाठी एक छोटी गोळी सुरू केली. ताट आता बहुतेक दिवस रिकामं असतं.

मग इमारतीची बैठक घेतली. बारा बिऱ्हाडं. एक जण म्हणाले, म्हातारा माणूस, पडले-बिडले तर जबाबदारी कोणाची? मला राग आला, पण फिजिओ ताईंनी तेच लिहिलं होतं. मोटरचं बटण खालून वर, आमच्या दारापाशी घेतलं. वायर आणि मजुरी धरून १८०० रुपये झाले, सगळ्यांनी वाटून दिले. रात्री पाणी आलं की अण्णा दारातूनच मोटर लावतात. सकाळी उजाडल्यावर गच्चीवर जाऊन टाकीचे व्हॉल्व्ह फिरवतात. महिना सहाशे रुपये ठरले. नको म्हणाले. मग बाईंचं आठवून मी म्हटलं, पाटकऱ्याला पूर्वी धान्य मिळायचं ना? तेव्हा घेतले. पहिल्या पैशातून एक बॅटरी आणि एक वही आणली.

त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. माझ्या मुलीने त्यांना रकाने आखून दिले. तारीख, पाणी कधी आलं, कधी गेलं, आणि टाकी किती. टाकी ते बोटांत मोजतात: "चार बोटं कमी", "दोन बोटं कमी". पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की शेवटच्या दोन घरांना पाणी पुरत नाही, कारण पहिल्या ओळीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो. तो त्यांनी अर्ध्यावर आणला. खालचे एक गृहस्थ गाडी धुवायला पाइप लावून बसले होते, ते वर भांडायला आले. मी पुढे होणार होतो, बाईंचं "मधे पडू नका" आठवलं आणि थांबलो. अण्णा आवाज न चढवता म्हणाले, "आधी शेपूटले पानी पोचाले जोयजे." त्या गृहस्थांना अहिराणी येत नाही, पण कळलं. शेवटच्या घरातल्या आजी आता अण्णांसाठी कळण्याची भाकरी पाठवतात.

लालपरीवाले काका, एसटीने दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा मी स्टँडवर गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरभऱ्याच्या टहाळाचा भारा घेऊन परत आले आणि बोलतच घरात शिरले: पाटात गाळ भरलाय, अमक्याने बंधाऱ्याजवळ मोटर टाकलीय, पोरांना काही कळत नाही. बटाईचे पैसे या खेपेपासून त्यांच्याच खात्यात. मुलीला शाळेत पाण्यावर प्रकल्प आहे. प्रसिद्ध इंजिनिअर विश्वेश्वरय्यांची नोकरीतली अगदी सुरुवातीची कामं याच भागातली, पांझरेवरचा दातर्तीचा सायफन त्यांनी बांधलेला. ते तिने पुस्तकातून शोधलं, आणि फड कसा चालायचा ते अण्णांकडून लिहून घेतेय. सुट्टीत दोघं एसटीने बघायला जाणार आहेत.

सगळं छान झालं असं नाही. आईच्या वर्षश्राद्धानंतर तीन दिवस ते परत खुर्चीत होते. व्यायामाला कंटाळा करतात. संघात जात नाहीत, आणि आता मी आग्रहही करत नाही.

काल नाशिकहून बहिणीचा फोन आला. घरी पूजा आहे, गुरुवारी अण्णांना घेऊन ये म्हणाली. मी फोन अण्णांकडे दिला. त्यांनी वही उघडली, मागच्या चार तारखांवरून बोट फिरवलं आणि तिला सांगितलं, "गुरुवारी पाणी यायचंय, ताई. मी शुक्रवारी येतो."